साहस, रियाज आणि विष्णुपंत छत्रे

स्नेहसंमेलनाची तारीख ठरली आणि आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुन्या फोटोंचा पाऊस सुरू झाला. त्यातच एका मित्राने स्वतःचा ऋषिकेशचा व्हिडिओ टाकला. पंचेचाळिसावा वाढदिवस, त्र्याऐंशी मीटर उंचीचा कठडा आणि पायाला दोर बांधून खाली घेतलेली उडी. लगेच ग्रुपचे दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, आयुष्य एकदाच मिळते, ते सगळे ईएमआय भरण्यात घालवायचे का? दुसऱ्याचे म्हणणे, घरी बायको-मुले, म्हातारे आई-वडील असताना या वयात असली हौस म्हणजे शुद्ध पोरकटपणा. तीन दिवस वाद चालला आणि मग नेहमीप्रमाणे कोणीतरी शुभ सकाळचे फूल टाकून तो मिटवला.

त्याच आठवड्यात संपादक मंडळाने मला थोरांची ओळख या विभागासाठी लिहायला सांगितले. अमळनेर म्हटले की साने गुरुजी, प्रताप शेठजी ही नावे आधी आठवतात. त्यांच्यावर लिहायला या अंकात माझ्यापेक्षा अधिकारी माणसे आहेत. मला मात्र आपल्या ग्रुपवरचा वाद डोक्यातून जाईना. म्हणून ज्याने असल्या उड्यांवर आयुष्य काढले आणि त्यातून एक मोठी परंपरा उभी केली, अशा माणसाची गोष्ट लिहायची ठरवली. हा माणूस म्हणजे भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत मोरेश्वर छत्रे.

आपल्या पिढीला सर्कस नवी नाही. वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरली की बोरी नदीच्या पात्रात पाळणे उभे राहायचे, मौत का कुवा लागायचा. लाकडी फळ्यांच्या त्या विहिरीच्या काठावर उभे राहून खाली बघताना मोटारसायकल आपल्या नाकासमोरून जायची, फळ्या थरथरायच्या आणि पोटात गोळा यायचा. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर त्यामागचे गणित कळले. गाडी गोल फिरते म्हणून भिंत तिला आत ढकलते, तेवढ्या दाबावर घर्षण तिचे वजन पेलते, आणि वेग एका मर्यादेखाली आला की घर्षण हात टेकते. म्हणजे तिथे वेग कमी करणे हाच धोका. गणित कळल्यावर भीती कमी झाली, पण त्या चालकाबद्दलचा आदर वाढला. त्याला हे गणित कोणी फळ्यावर शिकवले नव्हते, तरी त्याच्या अंगात ते मुरलेले होते. ते मुरते कसे, हे मला विष्णुपंतांच्या चरित्रात सापडले.

विष्णुपंतांचा जन्म १८४० ते १८५० या दशकातला, सांगली भागातल्या अंकलखोपचा. कृष्णाकाठचे हे गाव. औदुंबरचे दत्तक्षेत्र तिथे अगदी लगत आहे. हा सगळा टापू पटवर्धनांच्या लहान लहान संस्थानांचा: सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी. प्रत्येक संस्थानाची पागा असे, घोडे असत, गवई असत. ब्राह्मण घरातल्या मुलाने कारकुनी करावी किंवा भिक्षुकी, अशी त्या काळची रीत. या मुलाला मात्र दोन वेडे होती, घोडा आणि गाणे. दोन्ही पोट भरण्याच्या दृष्टीने बेभरवशाची.

ही दोन्ही वेडे घेऊन ते ग्वाल्हेरला गेले. शिंद्यांचे ग्वाल्हेर हे त्या काळी ख्यालगायनाचे माहेरघर. तिथे उस्ताद हद्दूखाँ यांच्यासारख्या दिग्गजाकडे ते गाणे शिकले आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या. या दोन शिक्षणांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे पहिल्यांदा वाटते. पण घराणेदार गाण्याची तालीम कशी असते हे आपण जाणतो. एकेक स्वर, एकेक पलटा, तोच तोच, महिनोन्‌महिने. शिष्य कंटाळतो, गुरू कंटाळत नाही. मैफलीत गवई जी तान सहज फेकतो, तिच्यामागे अशी वर्षे असतात. घोड्याचेही तसेच. जनावराला रोज त्याच वेळी, त्याच वर्तुळात, त्याच चालीने फिरवायचे. आज त्याला बरे नाही, आज ते बुजलेले आहे, हे त्याच्या कानांच्या हालचालीवरून ओळखायचे. विष्णुपंतांनी ग्वाल्हेरीत या दोन विद्या शिकताना एकच सवय अंगी बाणवली असणार, रियाजाची.

ग्वाल्हेरहून परतल्यावर कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांकडे घोड्यांची व्यवस्था आणि स्वारीचे शिक्षण हे त्यांचे काम झाले. संस्थानातली नोकरी, मान, निश्चित पगार. इथे गोष्ट थांबली असती तर आज त्यांचे नाव कोणाला माहीत नसते.

पुढचा प्रसंग मुंबईतला, १८८० च्या सुमारासचा. परदेशी सर्कशी तेव्हा जहाजाने जगभर फिरत. इटलीचे ज्युसेप्पे चियारिनी यांची सर्कस मुंबईत आली, तेव्हा कुरुंदवाडच्या संस्थानिकांबरोबर विष्णुपंतही खेळ पाहायला गेले, असे सांगतात. खेळानंतर बोलणे निघाले. हिंदुस्थानात अशी सर्कस का नाही, असा प्रश्न आला. त्यावर चियारिनींनी ऐकवले की त्याला अजून पुष्कळ काळ जावा लागेल. विष्णुपंतांना ते लागले आणि त्यांनी तिथल्या तिथे आव्हान स्वीकारले. या कथेला सांगणाऱ्यांनी रंग चढवला असेलही. पण थोड्याच अवधीत विष्णुपंतांनी सर्कस उभी केली, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. ग्रेट इंडियन सर्कस हे तिचे नाव. भारतीय माणसाने उभारलेली ती पहिली आधुनिक सर्कस.

आव्हानाच्या कथेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रागाच्या भरात आव्हान घेणारे पुष्कळ असतात. आपल्या वर्गातही होते. शाळेच्या गच्चीच्या कठड्यावरून चालून दाखव म्हटले की चालणारे. विष्णुपंतांचे आव्हान वेगळे पडते, कारण ते घेण्याआधी त्यांची पंधरावीस वर्षे घोड्याच्या पाठीवर गेलेली होती. चियारिनींच्या रिंगणात त्यांनी जे पाहिले, त्यातले बरेचसे त्यांना येत होते. येत नव्हते ते तंबू, साहित्य, प्राणी, कलावंत यांची जुळणी. म्हणजे धोका होता तो पैशाचा आणि अब्रूचा. मान मोडण्याचा धोका त्यांनी आधीच रियाजाने बराच खाली आणून ठेवला होता.

घोड्याच्या पाठीवर उभे राहून रिंगणात फिरणे हा सर्कशीचा मूळ खेळ. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप अॅस्टली या घोडेस्वाराने गोल रिंगणात हे खेळ दाखवायला सुरुवात केली आणि पुढे त्या रिंगणाचा व्यास बेचाळीस फूट हा ठरून गेला. जगातल्या सर्कशींचे रिंगण आजही साधारण तेवढेच असते. ताशी अठरा किलोमीटरच्या चालीने घोडा या रिंगणात फिरला, तर हिशेबाने स्वाराला आतल्या बाजूला सुमारे बावीस अंश झुकावे लागते. हे झुकणे त्याच वेगाला जुळलेले असते. घोडा मध्येच मंदावला, तर तोच झोक स्वाराला आत लोटतो. घोडा उसळला, तर स्वार बाहेर फेकला जातो. म्हणजे स्वाराचा जीव स्वतःच्या धाडसावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक घोड्याच्या एकसारख्या चालीवर असतो. आणि ती चाल शिकवायची म्हणजे बघणाऱ्याला रटाळ वाटेल असे महिने काढायचे. तंबूतल्या प्रेक्षकाला थरार दिसतो. स्वाराला ऐकू येतो तो टापांचा ठेका, आणि तो चुकला तर कानाला लगेच कळतो. ख्याल शिकलेल्या माणसाला ठेका चुकलेला कळणारच.

विष्णुपंत स्वतः या सर्कशीचे मुख्य घोडेस्वार. आणि त्यांच्या पत्नी झुल्यावरच्या कसरती करत, प्राण्यांना शिकवत. हे वाक्य वाचून मी थांबले होते. काळ कुठला, तर अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले तो. त्या नाटकात शकुंतला पुरुष झाला होता, कारण घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे कोणाच्या कल्पनेत नव्हते. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा गावोगावी चर्चा झाली. त्याच काळात एका ब्राह्मण घरातली बाई तंबूत, लोकांच्या डोक्यावरून झुल्याने जात होती. झुल्याचा हा खेळही तेव्हा कोवळाच होता. पॅरिसमध्ये ज्यूल लेओतार्द यांनी एका झुल्यावरून दुसऱ्यावर झेप घेऊन दाखवली ती १८५९ साली, म्हणजे विष्णुपंतांची सर्कस निघाली त्याच्या जेमतेम वीस वर्षे आधी. लेओतार्द यांच्या खाली जाळे नव्हते, गाद्या होत्या. विष्णुपंतांबद्दल लिहिणारे त्यांच्या पत्नीला एक-दोन ओळींतच उरकतात. मला वाटते, त्या घरात धोका पत्करणारी पहिली व्यक्ती कोण होती हे नव्याने ठरवायला हवे. घोड्यावरून पडलेल्या पुरुषाला लोकांनी शूर म्हटले असते. झुल्यावरून पडलेल्या बाईला काय म्हटले असते, ते आपल्याला सांगायची गरज नाही.

सर्कस देशभर फिरली. उत्तर हिंदुस्थान, दक्षिण, पुढे श्रीलंका आणि आग्नेय आशिया. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती केरळात तेल्लिचेरीला पोचली. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन हे व्यायामशिक्षक होते. कळरीपयट्टू या युद्धकलेत आणि कसरतीत मुरलेले. विष्णुपंतांची आणि त्यांची गाठ पडली आणि सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे काम कुन्हिकण्णन यांनी अंगावर घेतले. १९०१ साली त्यांनी तेल्लिचेरीजवळ चिरक्करा इथे सर्कशीचे शिक्षण देणारी शाळाच काढली. पुढे भारतातल्या बहुतेक सर्कशींचे मालक आणि कलावंत केरळातून आले, त्याचे मूळ या भेटीत आहे. इकडे महाराष्ट्रातही विष्णुपंतांच्या पाठोपाठ देवल, कार्लेकर, शेलार अशा सर्कशी निघाल्या. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पाहिलेल्या त्या याच. शेलारांच्या घराण्यातूनच पुण्याचे दामू धोत्रे पुढे आले. १९०२ साली जन्मलेला हा मुलगा मामांच्या सर्कशीत वाढला आणि १९४० साली अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ, सिंह, काळे बिबळे एकाच पिंजऱ्यात घेऊन उभा राहिला. जनावराला मारून नव्हे तर ओळखून शिकवायचे, ही त्यांची ख्याती.

विष्णुपंतांच्या आयुष्यातला सगळ्यात हृद्य भाग मात्र रिंगणाबाहेरचा आहे. उस्ताद हद्दूखाँ यांचे धाकटे चिरंजीव रहिमतखाँ हे अलौकिक गायक. पण भावाच्या मृत्यूनंतर त्यांचे मन ढळले, अफूचे व्यसन जडले आणि ते काशीत अक्षरशः रस्त्यावर आले. सर्कस काशीला गेली असता विष्णुपंतांना ते सापडले. गुरूच्या मुलाची ही दशा पाहून त्यांनी रहिमतखाँना आपल्याबरोबर घेतले. त्यांचे औषधपाणी, खाणेपिणे, अफूची वेळसुद्धा सांभाळली आणि त्यांना पुन्हा गाते केले. सर्कस जाईल त्या गावी रहिमतखाँची मैफल होऊ लागली. लोकांनी त्यांना भूगंधर्व म्हटले. अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवर रहिमतखाँचा प्रभाव मानला जातो. म्हणजे किराणा घराण्याच्या ज्या सुरावर आज आपण मान डोलावतो, त्यातला एक धागा सर्कशीच्या तंबूतून आलेला आहे. विष्णुपंतांनंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सर्कसही सांभाळली आणि रहिमतखाँनाही. १९२२ साली कुरुंदवाडला रहिमतखाँ वारले, तोवर छत्र्यांच्या घराने त्यांना अंतर दिले नाही.

विष्णुपंतांचे निधन २० फेब्रुवारी १९०५ रोजी इंदूरला झाले. मुंबईतल्या त्या आव्हानाला तेव्हा सुमारे पंचवीस वर्षे झाली होती.

आता आपल्या ग्रुपवरच्या वादाकडे येते, कारण तो माझ्यासाठी नुसता वाद राहिलेला नाही. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. गेली चार वर्षे ती सुट्टीत सह्याद्रीत भटकते. आता तिला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा अठ्ठावीस दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम करायचा आहे. ती अल्पवयीन असल्याने फॉर्मवर पालकांची सही लागते. हा फॉर्म आमच्या जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीखाली बरेच दिवस पडून होता. माझ्या आईचे फोनवरचे मत अहिराणीत होते आणि ते इथे छापण्यासारखे नाही. नवऱ्याचे मत, तू इंजिनिअर आहेस, तूच जोखीम मोज.

मोजायला बसले तेव्हा विष्णुपंतांची गोष्ट जितकी धीर देते तितकीच अडचणीत टाकते, हे लक्षात आले. धीर असा की त्यांच्याकडे पाहून थरार आणि साहस यांतला फरक कळतो. थरार विकत मिळतो. तिकीट काढा, दोर बांधून घ्या, उडी मारा. तिथे सगळे कौशल्य दोर बांधणाऱ्याचे असते. आपल्याला फक्त डोळे मिटायचे असतात. माझ्या मित्राने केले ते यात बसते, आणि दोर नीट तपासलेला असेल तर त्यात फारसे चुकीचे काही नाही. घाबरायला मिळण्याची ती एक सहल आहे. पण त्यातून अंगात काही मुरत नाही. साहसात दोर आपल्याला बांधता यावा लागतो. मुलगी गेल्या वर्षभरात गाठी मारायला शिकली. दाराच्या कडीला, खुर्चीच्या पायाला, एकदा तर माझ्या लॅपटॉपच्या वायरला. डोळे मिटून, पाठीमागे हात घेऊन, बोटे गार पडावीत म्हणून बर्फाच्या पाण्यात बुडवून. मला त्यात टापांचा ठेका ऐकू आला.

अडचण अशी की रियाजाने धोका कमी होतो, संपत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमस्खलन झाले आणि याच संस्थेच्या पुढच्या अभ्यासक्रमाची तुकडी त्यात सापडली. सत्तावीस जण मृत्युमुखी पडले, दोघे सापडलेच नाहीत. त्यात नवशिके होते तसे मुरलेले प्रशिक्षकही होते. हिमाला कोणाचा किती रियाज झालाय हे कळत नाही. आमच्या धंद्यात आम्ही सॉफ्टवेअर सोडण्याआधी शंभरदा तपासतो आणि तरी बिघडलेच तर कालची प्रत परत चढवतो. डोंगरावर कालची प्रत नसते. विष्णुपंतांनाही ती नव्हती.

दुसरी अडचण त्याहून जुनी आहे. विष्णुपंतांनी आपला धोका आपण घेतला, त्यांच्या पत्नीनेही बहुधा. पण पिंजऱ्यातल्या वाघाने घेतला नव्हता. पुढे ज्या सर्कशी निघाल्या, त्यांत गरिबांची लहान मुले झुल्यावर चढवली गेली, त्यांनीही घेतला नव्हता. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांचे खेळ १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने बंद झाले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. मुलांना सर्कशीत राबवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. सर्कशी त्यामुळे ओस पडल्या, त्याची हळहळ मलाही आहे, पण दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. धोका ज्याचा त्याने, समजून-उमजून घ्यावा. दुसऱ्याच्या जिवावर थरार बघणे हे साहस नव्हे. दहीहंडीच्या वरच्या थरावरच्या मुलाबद्दल २०१४ साली उच्च न्यायालयाने अठरा वर्षांची अट घातली आणि मग त्यावर वर्षानुवर्षे वाद चालला, तोही याच प्रश्नाचा. २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. नाव मोठे मिळाले, पण वर चढणारा कोण आणि खाली टाळ्या वाजवणारा कोण, हे नाव बदलल्याने बदलत नाही. आपल्याकडच्या बारागाड्यांनाही हेच लागू आहे. एकमेकींना बांधलेल्या गाड्या ओढणारा भगत श्रद्धेने ओढतो, त्याच्याबद्दल मला बोलायचे नाही. पण चाकांच्या वाटेत गर्दी करून उभी राहिलेली पोरे, त्यांचे काय?

मग सतरा वर्षांच्या मुलीने घेतलेला धोका तिचा की माझा? कायदा म्हणतो, अजून एक वर्ष माझा. म्हणून मी तिला तीन गोष्टी विचारल्या. द्रौपदी का डांडाच्या दुर्घटनेबद्दल तिला काय माहीत आहे, हे पहिले. तिने तारीख, वाट, सुटकेचे काम, सगळे सांगितले. माझ्यापेक्षा जास्त. दुसरे, शिखर शंभर मीटरवर असताना प्रशिक्षकाने परत फिर म्हटले तर? ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की तिला रडू येईल, पण ती फिरेल. लगेच होकार आला असता तर मला भीती वाटली असती. तिसरे, फोटो काढायला कोणी बरोबर नसेल तरी जाशील का? या प्रश्नाचा तिला राग आला. तो राग पाहून मी फॉर्म टोपलीखालून काढला.

हे शहाणपण आहे का? आपल्या गावात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तिथे बसून विचार केला तरी याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात मिळेल असे मला वाटत नाही. सुरक्षित पर्याय म्हणून विष्णुपंतांना कुरुंदवाडची नोकरी होती. ते तिथेच राहिले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. घोडे मिळाले असते, पगार मिळाला असता. पण तेल्लिचेरीची ती शाळा झाली नसती, आणि सर्कस काशीला न गेल्यामुळे रहिमतखाँ कदाचित तिथल्याच रस्त्यावर संपले असते. हे फायदे विष्णुपंतांनी आधी मोजलेले नव्हते. ते मोजता येण्यासारखे नव्हतेच. आधी मोजता येण्यासारखी गोष्ट एकच होती, आपली तयारी किती झाली आहे ती. ती त्यांनी ग्वाल्हेरपासून मोजली होती.

बंजी उडी मारणाऱ्या माझ्या मित्रा, तुझ्यावर माझा राग नाही. फक्त पुढच्या वाढदिवसाला काहीतरी असे निवड, ज्याची तयारी करायला वर्ष लागेल. पोहायला शीक, प्रस्तरारोहण शीक, घोड्यावर बस. वर्षभर पहाटे उठलास तर तुझ्या घरचेही या वादात आपल्या बाजूने येतील. आणि ज्यांनी त्याला पोरकट म्हटले त्या मैत्रिणींनो, आपणही मोजणी करू या. हेल्मेट न घालता गाडी चालवणारे, रात्रभर जागून सकाळी मुंबई-अमळनेर गाडी हाकणारे आपल्यात किती आहेत? हे धोके आपण घेतो आणि त्यांना साहस म्हणत नाही, म्हणून ते दिसत नाहीत. त्यांत थरार नाही आणि रियाजही नाही.

शेवटी आपल्या गुरुजनांना एक विनंती. आपल्या पी.टी.च्या सरांनी आम्हाला मल्लखांबाला तेल लावायला बसवले होते, तेव्हा आम्ही कुरकुर करायचो. वर चढायला मिळायचे ते दहा मिनिटे आणि खाली बसून लाकूड घासायचे अर्धा तास. सर, स्नेहसंमेलनाला माझी मुलगी माझ्याबरोबर येणार आहे. उत्तरकाशीला जायला तेव्हा तिला दोन महिने असतील. तिच्या हाताची पकड अजून कच्ची आहे असे तिचे तिलाच वाटते. जेवणाआधी अर्धा तास तुम्ही तिला द्यावा. मल्लखांब अजून जागेवर असेल तर तेलाची बाटली मी घेऊन येते.